डिलीट केलेलं जातं कुठे? हार्ड डिस्क, कचरापेटी आणि रुमाल

संशोधनाला सुरुवात करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या वर्ष-दीड वर्षात एक प्रश्न पडतो, आणि तो सिद्धांताचा किंवा संशोधन पद्धतीचा नसतो. एक्स्टर्नल हार्ड डिस्क भरलेली असते. तुम्ही रात्री बसून तिच्यातलं नको ते सगळं डिलीट करता. सिनेमे, तीन-तीनदा उतरवलेल्या पीडीएफ, कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ. सकाळी बघता तर शिल्लक जागेचा आकडा जिथल्या तिथे. मग कुणीतरी सांगतं, डिस्क खराब झालीय, फॉरमॅट मारून टाक.

फॉरमॅट मारू नका. आधी हे वाचा.

उत्तर तसं दोन ओळींत देता येतं आणि ते लगेच देतेच. पण मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, आणि याच प्रश्नापायी माझ्या प्रबंधातले चार महिने गेले. माझ्या आयुष्यातले नव्हेत, शके 1783 मधले. ते कसे गेले हे सांगितल्याशिवाय नुसतं उत्तर देणं बरोबर वाटत नाही.

तर उत्तर असं. तुम्ही 'डिलीट' दाबता तेव्हा फाइल पुसली जात नाही, ती कचरापेटीत जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की कचरापेटी एक नसते. पडद्यावर एकच चित्र दिसतं, पण जितक्या डिस्क तितक्या पेट्या असतात. एक्स्टर्नल डिस्कवरची फाइल डिलीट केली की ती त्याच डिस्कवरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जाते. म्हणजे फाइल डिस्कवरच आहे, जागाही तिनेच अडवलेली आहे, फक्त तुमच्या नजरेआड झाली. ती पेटी रिकामी केल्याशिवाय एक एमबीसुद्धा मोकळा होत नाही.

असं का केलं असेल? कारण साधं आहे. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचंच उदाहरण घ्या. 1840 पासूनची संस्था, ग्रंथांचा ढीग. समजा तिथलं एक पुस्तक बाद करायचं ठरलं. त्याचं कार्ड तालिकेच्या एका खणातून काढून दुसऱ्या खणात टाकायला दहा सेकंद लागतात. पुस्तक मात्र कपाटातून जागचं हलत नाही. एकाच डिस्कमध्ये फाइल 'हलवणं' म्हणजे हे कार्ड हलवणं, म्हणून ते चुटकीसरशी होतं. पण तेच पुस्तक दुसऱ्या इमारतीत न्यायचं असेल तर उचलून, गाडीत घालून न्यावं लागेल. एक्स्टर्नल डिस्कवरचा 50 जीबीचा फोल्डर लॅपटॉपच्या कचरापेटीत टाकायचा तर तो आधी सगळा लॅपटॉपवर कॉपी करावा लागेल. कचरा टाकायला अर्धा तास कोण थांबणार? म्हणून प्रत्येक डिस्कने आपला कचरा आपल्याच घरात ठेवायचा, अशी सोय झाली.

(जाता जाता: 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते, त्याचा कचऱ्याशी काही संबंध नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने. उरलेले 69 जीबी शोधत बसू नका. मी बसले होते.)

पुसणं म्हणजे खूण करणं

आता थोडं मागे जाऊ. कचरापेटी यायच्या आधी काय होतं?

1970 च्या दशकात लहान संगणकांवर सीपी/एम नावाची प्रणाली चालायची, गॅरी किल्डॉल यांनी लिहिलेली. त्या वेळच्या 8 इंची फ्लॉपी कारखान्यातून यायच्या त्या एकाच बाइटने गच्च भरून, आणि तो बाइट म्हणजे सोळा-आधारी अंकनातला ई-5. सीपी/एमने यादीत ई-5 ही खूण दिसली तर 'इथे काही नाही' असं मानायचं ठरवलं. त्यामुळे कोरी फ्लॉपी आपोआपच रिकामी दिसे. आणि फाइल पुसायची असेल तर? तिच्या नोंदीच्या सुरुवातीला फक्त ई-5 लिहायचं, मजकुराला हातही लावायचा नाही. हीच पद्धत पुढे एमएस-डॉसमध्ये आली. तिथे फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून त्या जागी ई-5 लिहिला जाई. बाकीचं नाव, तारीख आणि मजकूर तसाच. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो तिथेच पडून राही.

म्हणजे संगणकाच्या भाषेत 'कोरं' आणि 'पुसलेलं' हे पहिल्यापासून एकच होतं. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसले, कारण आपल्या विषयात या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कधी लिहिलंच गेलं नाही, हे एक. लिहिलं होतं आणि खोडलं, हे वेगळं.

पीटर नॉर्टन यांच्या हे लक्षात आलं आणि 1982 मध्ये त्यांनी पुसलेली फाइल परत आणणारी सुविधा बाजारात आणली. नॉर्टन युटिलिटीज हे नाव तुमच्या वडिलांच्या पिढीतल्या संगणकवाल्यांना विचारा, लगेच ओळखतील. पहिलं अक्षर काय होतं तेवढं सांगायचं, फाइल परत हजर. माणसं चुकून पुसतात आणि मग रडतात, यावर एक अख्खा धंदा उभा राहिला.

अॅपलने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. 1983 चं लिसा आणि 1984 चं मॅकिंटॉश यांच्या पडद्यावर कचऱ्याचा डबा होता. पुसायचं असेल तर फाइल ओढून डब्यात टाका, मन बदललं तर बाहेर काढा. पण सुरुवातीच्या मॅकमध्ये मशीन बंद केलं की डबा आपोआप रिकामा होई. 1991 च्या सिस्टिम 7 पासून तो तुम्ही सांगेपर्यंत भरलेला राहू लागला. एमएस-डॉसच्या 1993 मधल्या सहाव्या आवृत्तीत अशी सोय होती की पुसलेल्या फाइल 'सेंट्री' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जमा होत. 1995 मध्ये विंडोजवर रिसायकल बिन आला आणि मग ही कल्पना घरोघरी गेली.

आज तुमची डिस्क लपवलेल्या फाइली दाखवायला सांगून उघडलीत तर तिच्यावर या सगळ्या घराण्यांची पेटी सापडेल. विंडोजची 'डॉलर रिसायकल डॉट बिन', मॅकची 'डॉट ट्रॅशेस', उबुंटूची 'डॉट ट्रॅश-1000'. विंडोजला मॅकची पेटी ही पेटी आहे हे कळत नाही, मॅकला उबुंटूची कळत नाही. आपण संशोधक लोक डिस्क घेऊन गावभर फिरतो. घरचा लॅपटॉप विंडोज, विभागातला संगणक उबुंटू, मैत्रिणीचा मॅक. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं डिलीट करतो आणि तिन्ही पेट्या भरत जातात. घरी येऊन रिसायकल बिन रिकामा केला तरी बाकीच्या दोन तशाच. जागा मोकळी न होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

त्या 1000 आकड्याकडे लक्ष असू द्या. पुढे लागणार आहे.

निंदणी

ही मधली अवस्था, म्हणजे यादीतून गेलं पण जागेवरून गेलं नाही, संगणकाने शोधलेली नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात ती तुम्हाला दिसेल. इथल्या कागदांचे वर्ग असतात: 'अ' कायम ठेवायचे, 'ब' 30 वर्षं, 'क' 10 वर्षं, 'क-1' 5 वर्षं, आणि 'ड' एक वर्ष. टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे आणि त्यातला एक गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. तो गठ्ठा म्हणजेच ट्रॅश. मुदत संपली की कागद वेगळे काढायच्या कामाला सरकारी मराठीत शब्द आहे 'निंदणीकरण'. मला हा शब्द फार आवडतो. आमच्याकडे कांद्याच्या वावरात निंदणी करतात, तीच ही. पीक ठेवायचं, तण उपटायचं. अडचण एवढीच की वावरात तण कुठलं हे बघताक्षणी कळतं. कागदांत ते शंभर वर्षांनी कळतं.

उदाहरणं हवीत तर भरपूर आहेत. 1858 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपला, त्यानंतरच्या काही वर्षांत लंडनमध्ये कंपनीचे जुने कागद टनावारी रद्दीत गेले. ज्यांनी ते विकले ते मूर्ख नव्हते. त्यांना जागा हवी होती. आपल्याकडे पेशवे दप्तर 1818 नंतर इंग्रजांनी राखलं ते मुख्यतः इनाम, वतन, जमिनीचे हक्क तपासायला. इतिहासासाठी नव्हे. तरी ते राहिलं, आणि म्हणूनच गो. स. सरदेसाईंना 1930 ते 1934 या काळात त्यातून निवडून 45 खंड काढता आले. खासगी घरांतल्या कागदांना असं कुणी राखणारं नव्हतं. वासुदेवशास्त्री खरे मिरजेला बसून पटवर्धनांचं दप्तर वाचत होते, वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं मिळवत होते. 1898 मध्ये राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला. त्या काळात जुन्या मोडी कागदांचा घरात उपयोग काय होता? पुड्या बांधायला वाण्याला देणं, किंवा भिजवून लगदा करून टोपल्या लिंपणं. राजवाडे ज्या कागदांपर्यंत पोहोचले ते बहुतेक असेच, मालकाच्या दृष्टीने कचऱ्याच्या यादीत गेलेले पण अजून माळ्यावरून न हललेले.

आपलं पोट या मधल्या अवस्थेवर चालतं, असं मी म्हणेन. मालकाला नकोसं झालेलं, तरी अजून न पुसलेलं.

केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. त्यात एक तरतूद अशी की 1892 पूर्वीचा कागद, तो वापरण्यापलीकडे खराब झाला आहे असं ठरल्याशिवाय, नष्ट करता येत नाही. सरकारला हे कळायला एवढी वर्षं लागली. घरातल्या माळ्याला तर कुठलाच कायदा लागू नाही.

शके 1783

आता माझी गोष्ट.

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात एका व्यापारी घराण्याच्या कीर्द-खतावण्या होत्या. मोडीत, लाल रुमालात बांधलेल्या. नाव-पत्ता सांगत नाही, कारण त्या घरच्यांची तशी इच्छा नाही. तुम्हाला माहीत असेल, जुन्या नाशकात दर पावसाळ्यात एखादा तरी वाडा ढासळल्याची बातमी येते. त्यामुळे मी घाईत होते. घरातल्या काकांनी ओसरीवर बसून फोटो काढायची परवानगी दिली. पाच दिवस गेले. त्यातल्या एका वहीत शके 1783 ची, म्हणजे इ.स. 1861-62 ची कीर्द होती. मला ती फार महत्त्वाची होती. 1861 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि मुंबईत भाव चढायला लागले. हा चढ नाशकातल्या एका मध्यम व्यापाऱ्याच्या वहीत कधी आणि कसा उमटतो, हे रोजच्या रोज दाखवणारी ती वही. नाशिक जिल्हा तेव्हा अस्तित्वातही नव्हता, तो झाला 1869 मध्ये. सरकारी कागद शोधायचे तर नगर आणि खानदेशाच्या फायलींत चाचपडावं लागतं. म्हणून ही घरची वही माझ्यासाठी सोनं होती.

कॅमेऱ्याचं कार्ड मधेच भरलं. मी ते डिस्कवर रिकामं केलं आणि फॉरमॅट केलं. कॅमेऱ्याने परत 0001 पासून आकडे द्यायला सुरुवात केली. माझ्या डिस्कवर दोन फोल्डर झाले, 'नवीन फोल्डर' आणि 'नवीन फोल्डर (2)'. दोन्हीत फाइलींची नावं तीच. दुसऱ्यात 412 फोटो होते. दोन महिन्यांनी सिनॉप्सिसच्या धावपळीत, रात्री दीड वाजता, जागा करायला बसले तेव्हा मला वाटलं हा दुसरा फोल्डर म्हणजे पहिल्याचीच प्रत. नावं जुळतायत ना, मग झालं. दाबला डिलीट. अगदीच मन धजेना म्हणून पेटी रिकामी केली नाही. उद्या एकदा बघू आणि मग काढू, असं म्हटलं. उद्या कधी येतो हे तुम्हाला माहीतच आहे. भिजत घोंगडं पडलं ते पडलं.

त्यानंतरच्या आठवड्यात जुन्या वर्तमानपत्रांचे स्कॅन घ्यायला एका संगणक कक्षात गेले. 40 जीबीचा ऐवज. डिस्क लावली, जागा अपुरी. तिथला मदतनीस मुलगा चांगला होता, कामाला चटपटीत. तो म्हणाला, "ताई, तुमच्या डिस्कवर कचराच खूप आहे. काढून टाकू का?" मी समोर बसलेली, फोनवर काहीतरी वाचत. म्हटलं, "हो, काढा ना."

इथे तो 1000 आकडा येतो. उबुंटूमध्ये मशीनवरच्या पहिल्या वापरकर्त्याला क्रमांक मिळतो 1000. माझ्या लॅपटॉपवर मी 1000. त्या कक्षातल्या संगणकावर जो कोणी पहिला, तोही 1000. डिस्कला चेहरा दिसत नाही, नंबर दिसतो. त्यामुळे माझी पेटी त्या संगणकाला स्वतःचीच वाटली आणि एका क्लिकमध्ये रिकामी झाली. कोणी पासवर्ड मागितला नाही. मागायचं कारणच नव्हतं, त्याच्या हिशेबाने तो स्वतःचा कचरा टाकत होता. मग मोकळ्या झालेल्या जागेवर 40 जीबी वर्तमानपत्रं उतरली.

कळलं ते पंधरा दिवसांनी, वाचायला बसले तेव्हा. 'नवीन फोल्डर'मध्ये शके 1783 ची वही नव्हतीच.

पहिला विचार आला तो अर्थात परत जाण्याचा. काकांना फोन केला. वाडा बिल्डरला दिला होता, सामान हलवलं होतं. कागद? "अगं, ते दिले रद्दीत. तुझे फोटो झाले होते ना, म्हणून तर दिले. नाहीतर ठेवले असते."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. मी गेले नसते तर ती वही आज कुठल्यातरी खोक्यात असती.

मग फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. ते फाइलींची यादी वाचतच नाही. डिस्कवरचा एकेक तुकडा तपासत जातं, फोटोची सुरुवात दिसली की तिथून उचलतं. ई-5 च्या काळापासूनचीच गंमत, मजकूर अजून तिथेच पडलेला असतो. 412 पैकी 287 फोटो आले. पण नाव नाही, फोल्डर नाही, क्रम नाही. प्रत्येकाला एक लांबलचक आकडा. रुमाल सोडून कागद अंगणात उधळावेत तसं. सुदैवाने कॅमेरा फोटोच्या पोटात वेळ नोंदवून ठेवतो, ती मजकुराबरोबर राहिली होती. त्या वेळेवरून क्रम लागला. आणि क्रम लागल्यावर भोक दिसलं: त्या दिवशी सकाळी 11.40 ते दुपारी 1.10. त्या दीड तासात मी चैत्र ते आषाढ काढले होते. 125 फोटो, वर्तमानपत्रांखाली गाडले गेले. कीर्द हातात आहे ती श्रावणापासून. म्हणजे भाव चढल्यानंतरची. चढताना व्यापाऱ्याने काय केलं, माल धरून ठेवला की लगेच विकला, हा माझ्या प्रकरणाचा मुख्य प्रश्न होता.

प्रकरण लिहिताना मी तळटीप टाकली: 'कीर्द, शके 1783, चैत्र ते आषाढ, अनुपलब्ध.' मार्गदर्शकांनी ती खोडली. म्हणाले, अनुपलब्ध कशी? तू बघितली होतीस. लिही, संशोधकाच्या हातून नष्ट झाली. मी वाद घातला, व्हायवाला काय दिसेल वगैरे. ते म्हणाले, तुला पुढच्या माणसाला खोटं सांगायचंय का? त्याला वाटेल ही वही कुठेतरी असेल, तो शोधत बसेल.

तेव्हा तळटीप आता तशीच आहे. आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या ग्रंथांत 'अनुपलब्ध' शब्द वाचला की मी थबकते. कधी नव्हतंच, की होतं आणि कुणीतरी पुसलं? कुणी, कधी, कशाला जागा करायला? तुम्हीही हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. एखाद्या कार्यालयात 'फाइल नाही' असं उत्तर आलं तर नष्ट केलेल्या कागदांची यादी मागा. निंदणीकरण नियमाने झालं असेल तर यादी असते, तिच्यावर सही आणि तारीख असते. काय गेलं याची नोंद हीसुद्धा साधनच आहे.

गंमत म्हणजे कचरापेटीही अशी यादी ठेवते. उबुंटूच्या पेटीत 'फाइल्स' आणि 'इन्फो' असे दोन फोल्डर असतात. 'इन्फो'मध्ये प्रत्येक हटवलेल्या फाइलीमागे एक चिठ्ठी असते, तिच्यात मूळ पत्ता आणि हटवल्याची तारीख-वेळ. विंडोजही प्रत्येक फाइलीमागे अशी छोटी नोंद ठेवतं. पेटी रिकामी केली की यादीही तिच्याबरोबर जाते, हाच काय तो सरकारी पद्धतीत आणि हिच्यात फरक. म्हणून मी आता रिकामी करण्याआधी ती यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून लॅपटॉपवर ठेवते. दोन मिनिटांचं काम आहे.

आता जागा कशी करायची

मूळ प्रश्नाकडे येऊ. डिस्क जोडलेली असतानाच पेटी रिकामी करायची. डिस्क काढल्यावर लॅपटॉपची पेटी रिकामी केलीत तर डिस्कवरची तशीच राहते. ज्या प्रणालीवर डिलीट केलं त्याच प्रणालीवर रिकामी करता आली तर उत्तम. नाहीतर लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा: उबुंटूवर कंट्रोल आणि एच, मॅकवर कमांड, शिफ्ट आणि टिंब. विंडोजवर 'व्ह्यू'मध्ये जाऊन लपवलेल्या फाइली चालू करा, आणि फोल्डर ऑप्शन्समधली संरक्षित सिस्टिम फाइली लपवण्याची खूणही काढा, नाहीतर 'डॉलर रिसायकल डॉट बिन' दिसणार नाही. मग परक्या प्रणालीची पेटी उघडून आत काय आहे ते बघा, आणि खात्री झाली तरच तो फोल्डर हाताने काढा. काढताना शिफ्ट दाबून डिलीट करा, नाहीतर मॅकचा कचरा विंडोजच्या कचऱ्यात जाईल आणि जागा परत जिथल्या तिथे.

पेनड्राइव्हचं थोडं वेगळं आहे. विंडोज पेनड्राइव्हला सहसा पेटी देतच नाही, डिलीट केलं की थेट गेलं. हार्ड डिस्कची सवय पेनड्राइव्हवर वापरू नका. आणि तुमची एक्स्टर्नल डिस्क एसएसडी असेल तर फोटोरेकवर भिस्त ठेवू नका. एसएसडीला 'ही जागा आता नको' असा निरोप मिळाला की ती स्वतःहून साफसफाई करते. मला जे 287 मिळाले ते जुनी फिरत्या तबकडीची डिस्क होती म्हणून.

विंडोजच्या पेटीला मर्यादाही असते. ती ओलांडली की सगळ्यात जुनं हटवलेलं आपोआप, न विचारता जातं. पेटी म्हणजे कपाट नव्हे, हे मी मोठी किंमत देऊन शिकले. ठेवायचं की नाही हे ठरत नसेल, तर त्यासाठी 'ठरायचंय' नावाचा सरळ दिसणारा फोल्डर करा आणि त्यात टाका.

दोन फोल्डर एकसारखे वाटले तर नावांवर जाऊ नका, पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून बघा. आणि फोटो काढायला बसाल तेव्हा प्रत्येक वहीच्या आधी एका चिठ्ठीवर घराण्याचं नाव, रुमालाचा क्रमांक, शक आणि तारीख लिहून त्या चिठ्ठीचाच पहिला फोटो घ्या. फाइलचं नाव जाईल, फोल्डर जाईल, चिठ्ठी फोटोच्या आत राहील. व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठवून ठेवण्यावर विसंबू नका, त्यात वेळेची ती आतली नोंद उडते.

प्रती तीन हव्यात, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. हे सगळे सांगतात आणि कोणी करत नाही. निदान मूळ कागदाच्या मालकाला एक संच द्या. काकांकडे पेनड्राइव्हवर एक प्रत दिली असती तर 125 फोटो आज तिथून मिळाले असते. ते मागतही होते, मीच 'नंतर देते' म्हणत राहिले.

आणि दुसऱ्याच्या उबुंटू संगणकातून डिस्क काढताना पडद्यावर 'आधी कचरापेटी रिकामी करायची का?' असं विचारलं जातं, तिथे 'नको' दाबा. समोरचा कितीही चांगला असला, तुम्हाला कितीही घाई असली, तरी. घरी या, पेटी उघडा, आत बघा.